पुतणीच्या लग्नाला सकाळी जायचं, की फक्त संध्याकाळी?

पत्र

नमस्कार. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. आमच्या कित्येक पिढ्या इथेच गेल्या. धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मुलगा शीख, घर मुरारला. माणसं चांगली आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी गुरुद्वारात आनंद कारज (शीख पद्धतीचं लग्न) आणि त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर मॅरेज गार्डनमध्ये आपल्या पद्धतीनं लग्न, असं दोन्ही घरांनी ठरवलं आहे. मला हे पटलेलं नाही. एकच लग्न दोनदा कसं लागतं? आणि त्यातलं खरं कुठलं धरायचं? मी रोज संध्या करणारा माणूस आहे. दुसऱ्यांच्या ग्रंथापुढे माथा टेकणं मला जमणार नाही, आणि तिथे जाऊन न टेकणं म्हणजे त्यांचा अपमान. म्हणून फक्त संध्याकाळी जावं असं मी ठरवलं होतं. पण मुलाच्या थोरल्या काकांनी (त्यांच्यात तायाजी म्हणतात) मला फोन करून सांगितलं, की मिलनीत त्यांची जोडी माझ्याशी आहे. मी ‘बघतो’ म्हणालो. आई ८६ वर्षांची आहे. हे ठरल्यापासून ती या विषयावर बोलतच नाही. पुण्याचे नातेवाईक फोनवर ‘खिचडी लग्न’ म्हणून हसतात. भाऊ म्हणतो, ‘दादा, यायचं तर दोन्हीकडे ये.’ पुतणीला माझा आशीर्वाद आहेच. मी चुकतोय का?

— एक काका, ग्वाल्हेर

उत्तर

काका, नमस्कार.

सकाळी जा. कारणं पुढे सांगतेच, पण तुमचा जीव टांगणीला लागलेला दिसतो, म्हणून उत्तर आधी.

मिलनी म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला कुणी बसून सांगितलेलं दिसत नाही. वरात गुरुद्वाराच्या दाराशी आली की आधी अरदास होते, म्हणजे सगळे उभे राहून प्रार्थना करतात. मग नाव घेऊन एकेक जोडी पुढे बोलावतात. दोन्हीकडचे आजोबा, मग वडील, मग काका, मग मामा. दोघं एकमेकांना हार घालतात, मिठी मारतात, हौशी मंडळी एकमेकांना उचलून बघतात आणि आजूबाजूचे हसतात. आपल्याकडे सीमांतपूजनाला व्याही भेटतात, त्यातलाच भाव. पण इथे प्रत्येक नात्याचा जोडीदार ठरलेला असतो. तायाजींच्या समोर मुलीच्या बापाचा थोरला भाऊच उभा राहायचा असतो, आणि तुमच्या घरात तो एकच आहे. त्यांचं नाव पुकारलं जाईल, ते हार घेऊन पुढे येतील आणि समोर कुणी नसेल. तेव्हा दोन्हीकडच्या पाहुण्यांदेखत तुमच्या भावाला काहीतरी सबब सांगावी लागेल. लग्नघरात अशी सबब कुणालाही खरी वाटत नाही. तुमची पुतणी त्या वेळी जवळच कुठेतरी असेल.

त्या गृहस्थांनी निरोप धाडला नाही, स्वतः फोन केला. वयानं ते तुमच्याच जोडीचे असतील. त्यांच्याही मनात काही प्रश्न आलेच असतील: मराठी लोक, त्यांचा तो पडदा धरायचा विधी, होम, आपण त्यात काय करायचं? तरी त्यांनी आधी हात पुढे केला. ‘बघतो’ हे त्याचं उत्तर नव्हे. बाकीचं वाचायच्या आधी त्यांना फोन करून ‘येतोय’ म्हणालात तर मला आनंद होईल.

आता माथा टेकण्याचं. ही तुमची अडचण मी हलकी मानत नाही. जो माणूस रोज संध्या करतो, त्याला कुठे वाकायचं हा प्रश्न पडणारच. पण गुरुद्वारात गेल्यावर पाहुण्याकडून काय अपेक्षित असतं आणि काय नसतं, हे वेगवेगळं करून बघा. डोकं झाकायचं, जोडे बाहेर काढायचे, हातपाय धुवायचे, आत जमिनीवर बसायचं, ग्रंथसाहिबाकडे पाय पसरायचे नाहीत, अरदासला उभं राहायचं. खिशात तंबाखू, सिगारेट असेल तर ती घरीच ठेवायची. इतकं पाळावंच लागतं. माथा टेकणं हे श्रद्धेनं करायचं असतं. दुसऱ्या धर्माचा पाहुणा हात जोडून शांतपणे बाजूला जाऊन बसला, तर त्याला कुणी अपमान मानत नाही. तुम्ही ज्या अपमानाला घाबरता आहात तो न येण्यानं होईल, न वाकण्यानं नाही. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. खायचा नसेल तर काकूंच्या हातात द्या, पण नको म्हणून हात मागे घेऊ नका आणि कुठे ठेवून तर मुळीच येऊ नका. साजूक तूप, कणीक आणि साखर असते त्यात. आपल्याला परकं वाटावं असं काही नाही.

डोकं झाकायला टोपी नको, ती बऱ्याच ठिकाणी चालत नाही. रुमाल चालतो, पण तुम्ही वधूचे थोरले काका आहात, फेटा बांधून जा. पगड्या बांधून द्यायला लग्नघरी माणूस बोलावलेला असतो. तायाजींना विचारा, ते स्वतः तुम्हाला पगडी बांधतील असं मला वाटतं.

एक काम मात्र लग्नाआधी करा. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचा किल्ला पायाखालचा असतो. मान मंदिर, सासबहूची देवळं, तेली का मंदिर लहानपणापासून पाहिलेली असतात. तेली का मंदिराच्या जवळच दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, तिथे मात्र बाहेरूनच पुढे जायची आपल्यातल्या पुष्कळांना सवय. एखाद्या सकाळी काकूंना घेऊन तिथे जा, आत तासभर बसा, कीर्तन ऐका, लंगरात पंगतीला बसून जेवा. जहांगीरानं सहावे गुरु हरगोबिंद यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटकेचा हुकूम आला तेव्हा बरोबरच्या कैदी राजांना सोडल्याशिवाय मी जाणार नाही असं ते म्हणाले. अंगरखा धरून येतील तेवढे सुटतील अशी अट पडली, म्हणून त्यांनी ५२ कळ्यांचा, म्हणजे पट्ट्यांचा, अंगरखा शिवून घेतला आणि ५२ राजे एकेक कळी धरून बाहेर पडले, अशी शीख परंपरेतली कथा आहे. दिवाळीत शीख घरांत बंदी छोड दिवस पाळतात तो त्या सुटकेचाच. वरातीबरोबर पंजाबहून येणारे पाहुणे ग्वाल्हेरला उतरले की आधी या गुरुद्वाराच्या दर्शनाला जातील. त्यांना किल्ल्यावर तुम्ही घेऊन गेलात तर? तुमच्याइतका किल्ला माहीत असलेला माणूस त्यांना दुसरा कोण मिळणार?

लग्नाच्या सकाळी आत काय घडेल तेही सांगते, म्हणजे बसल्या जागी परकं वाटणार नाही. मुलीचे वडील मुलाच्या खांद्यावरच्या पल्ल्याचं, म्हणजे उपरण्याचं, टोक मुलीच्या हातात देतात. हे तुमच्या भावाला करायचं आहे, त्याला आधी सांगून ठेवा. त्या क्षणी बापाचे हात थरथरतात. मग चौथे गुरु रामदास यांच्या चार लावां, म्हणजे चार पदं, एकेक करून आधी वाचतात, मग गातात. प्रत्येक पदाला नवरा-नवरी ग्रंथसाहिबाला एक प्रदक्षिणा घालतात. मुलीचे भाऊ वाटेत उभे राहून तिला हात देत पुढे नेतात. तुमचा मुलगा असेल तर तो त्या भावांमध्ये असायला हवा. संध्याकाळी कान पिळायला त्यालाच उभं राहायचं आहे, सकाळी दांडी कशी मारेल?

आणि तो ग्रंथ. काका, तुम्ही ‘दुसऱ्यांचा ग्रंथ’ म्हणालात. त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेव पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्या घुमानलाच भरलं होतं. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांचं निर्वाण झालं तेही नांदेडला, गोदावरीकाठी. पंढरपूरला नामदेवाच्या पायरीशी तुम्ही कधीतरी वाकला असाल. सकाळी हॉलमध्ये बसल्यावर हे मनात असू द्या, मग माथा टेकायचा की नुसते हात जोडायचे ते त्या वेळी तुमचं तुम्हाला कळेल. मी आग्रह करणार नाही.

पण हेच ज्ञान घेऊन व्याह्यांपुढे ‘शीख म्हणजे आपलेच, वेगळं काय त्यात’ असं मात्र बोलू नका. आपल्याला वाटतं आपण जवळीक दाखवतोय. त्यांना ऐकू येतं की यांना आमचं वेगळेपण मान्यच नाही. हे वाक्य मराठी लग्नघरांत फार सहज निघतं, प्रेमानं निघतं आणि जेवणाच्या टेबलावर एकदम शांतता पसरते. नामदेवांबद्दल बोला, तायाजींना त्यांचं एखादं पद म्हणायला सांगा, नांदेडला कधी गेला होतात का विचारा. तेवढं खूप झालं.

खरं लग्न कोणतं, या प्रश्नाला कायद्याचं उत्तर सरळ आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा शिखांनाही लागू होतो, आणि त्याच्या सातव्या कलमानुसार वधू किंवा वर, दोघांपैकी कुणाच्याही रूढ विधीनं लागलेला विवाह कायदेशीर ठरतो. आनंद कारजला तर १९०९ पासून स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. म्हणजे सकाळचं लग्न पुरेसं आहे, आणि नुसतं संध्याकाळचं लागलं असतं, तर सप्तपदीतलं सातवं पाऊल पडल्यावर तेही पूर्ण झालं असतं. नोंदणीच्या अर्जावर विधी कोणता लिहायचा हे मुलानं आणि मुलीनं मिळून आधी ठरवावं, ऐनवेळी खिडकीपाशी उभं राहून नको.

पण तुमचा प्रश्न कायद्याचा नव्हता, हे मला कळतं. माझं मत असं आहे: ज्या विधीत आपल्या आई-वडिलांनी लग्न केलं त्या विधीत उभं राहिल्याशिवाय आपलं लग्न झालं असं माणसाला वाटत नाही. या दोघांना दोन घरं आहेत, म्हणून त्यांना दोनदा उभं राहायचं आहे. त्यात एक खरं आणि एक खोटं असं नाही. सकाळी तुमची पुतणी त्यांच्या घरात शिरते, संध्याकाळी तो मुलगा तुमच्या घरात शिरतो. तुम्ही फक्त संध्याकाळी आलात तर त्यानं तुमच्या अंगणात यायचं आणि तुम्ही त्याच्या उंबऱ्यापर्यंतही जायचं नाही, असा अर्थ होतो.

तुमच्या पत्रातलं एक मात्र मला पटतं, फक्त तुम्ही ते वेगळ्या जागी लावलं आहे. विधी विधीसारखा व्हावा. दोन्ही विधी शेजारी शेजारी असू द्या, एकमेकांत कालवू नका. गुरुद्वारात अक्षता नकोत, फुलं उधळायची नाहीत, टाळ्या नाहीत. ग्रंथसाहिबाची बीड, म्हणजे ग्रंथाची प्रत, मॅरेज गार्डनमध्ये आणून तिथेच सगळं उरकू, असं कुणी सुचवलं तर लगेच थांबवा. तसं करायला अकाल तख्ताची, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाची, मनाई आहे. संध्याकाळी उलट बाजूनं तीच काळजी घ्यायची. मुंडावळ्या पगडीवरून बांधायला मुलाची हरकत नाही ना, हे त्यालाच विचारा. पगडी उतरवून आपली टोपी घाल असं कुणीही म्हणता कामा नये, गमतीतही नाही. त्यांच्यातली काही वडीलधारी अमृतधारी, म्हणजे खालसा दीक्षा घेतलेली, असतील तर ती होमापाशी बसणार नाहीत, त्यांना ओढू नका. अंतरपाटाच्या वेळी मात्र सगळ्यांना उभं करा आणि हातात अक्षता द्या. मंगलाष्टकं कुणाला समजली नाहीत तरी अंतरपाट बाजूला होतो तो क्षण सगळ्यांना समजतो.

इथे तुमची खरी गरज आहे. भटजींशी बोलणारा जाणता माणूस त्या घरात तुम्हीच. सकाळी आनंद कारज झालेलं असणार हे त्यांना आजच सांगा. काही जण ते ऐकून कन्यादानाला हरकत घेतात. ऐनवेळी बोहल्यावर वाद नको. कोणते विधी करायचे, किती वेळ लागेल, प्रत्येक विधीआधी दोन वाक्यं हिंदीत कोण सांगणार, हे तुम्ही ठरवा. माझ्या मते ती दोन वाक्यं तुम्हीच सांगावीत. रोज संध्या करणारा माणूस सप्तपदीच्या एकेका पावलाचा अर्थ सांगेल तो पाठ करून आलेल्या निवेदकापेक्षा कितीतरी चांगला असेल. वेळही आवरता ठेवा, मुलगी पहाटे चारला उठलेली असेल.

भावाला आणखी एक विचारा. गुरुद्वाराच्या प्रबंधक कमिटीशी मुलाकडच्यांचं बोलणं नक्की झालं आहे का? शीख रहित मर्यादेप्रमाणे, म्हणजे त्यांच्या आचारसंहितेप्रमाणे, आनंद कारज शीख वधू-वरांसाठी आहे. हिंदू-शीख घरांतली लग्नं गुरुद्वारात पूर्वीपासून लागत आली आहेत, पण प्रत्येक कमिटी आपापलं ठरवते, काही ठिकाणी प्रतिज्ञापत्रही मागतात. पत्रिका छापायला द्यायच्या आधी हे मिटलं पाहिजे. तिथे मुलीला कशावर सही करायची आहे हे तिनं स्वतः वाचलेलं असावं.

आता आई. त्या बोलत नाहीत, एवढंच तुम्ही लिहिलं आहे. का बोलत नाहीत, हे लिहिलेलं नाही. बहुतेक तुम्ही त्यांना विचारलेलंच नाही. त्यांच्या गप्प राहण्याला तुम्ही नाराजी समजलात, कारण ती तुमच्या नाराजीला धरून होती. कदाचित त्या खरंच दुखावल्या असतील. किंवा इतकं मोठं ठरलं आणि मला फक्त कळवलं, याचं त्यांना वाईट वाटत असेल. ८६ वर्षांच्या बाईला लग्नघरात सगळे खुर्ची देतात, काम कुणी देत नाही. त्यांच्याजवळ बसा आणि सल्ला मागा: देवक कसं बसवायचं, मुलाच्या आजीला ओटीत काय द्यायचं, केळवणाला काय करायचं. मुलाला एकदा एकट्याला त्यांच्याकडे पाठवा, मध्ये कुणी दुभाषा नको. ग्वाल्हेरचा मुलगा आहे, हिंदीत बोलतील दोघं. ‘आईला चालणार नाही’ हे तोवर तुम्ही कुणालाही सांगू नका. त्या सकाळी यायला तयार झाल्या तर जमिनीवर बसणं त्यांना जमणार नाही. हॉलमध्ये मागे किंवा भिंतीलगत वयस्करांची काही सोय आहे का, ते आधी विचारून ठेवा.

पुण्याच्या मंडळींचं फार मनावर घेऊ नका. ग्वाल्हेरची मराठी घरं दोनशे वर्षं परक्या मुलखात राहिली ती दारं लावून नाही. आपल्या गावाचं ज्या गाण्यावर नाव आहे ते ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शंकरराव पंडितांना निसार हुसेन खाँसाहेबांनी शिकवलं, आणि खाँसाहेब पंडितांच्याच घरात राहत होते. त्या मंडळींना लग्नाला बोलवा, मिलनी बघू दे.

रिसेप्शनला मटण आणि दारू असेल की नाही हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. गुरुद्वाराच्या लंगरात दोन्ही नसतं. रात्री असेल तर शाकाहारी बाजूला जेवा आणि लवकर निघा. त्यात कुणाचा अपमान नाही.

शेवटचं, मिलनीतल्या देण्याघेण्याबद्दल. कित्येक घरांत मुलीकडून मुलाच्या प्रत्येक नातेवाइकाला शाल, पाकीट, कुठे कुठे अंगठीसुद्धा द्यायची रीत पडली आहे, आणि तिचा भार मुलीच्या बापावर येतो. तुमचा भाऊ हे स्वतःहून कुणाला म्हणणार नाही. तायाजींशी तुमची जोडी आहे, थोरले म्हणून तुम्ही बोलू शकता: फक्त हार, बाकी काही नको. त्यांना तायीजींसह (त्यांच्या पत्नीसह) येत्या रविवारी केळवणाला बोलवा, मुलालाही बोलवा, आईंच्या समोर पानं मांडा, आणि हा विषय जेवणानंतर तुम्ही काढा.